जुन्या एंटरप्राइजला रंग दिला, त्याला सात महिने झाले

एंटरप्राइज म्हणजे जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली निळ्या शिडांची, दोघांनी चालवायची सव्वातेरा फुटी होडी. माझी फायबरची, मुंबईत तिसऱ्या मालकाकडे आलेली. अंगावरून हात फिरवला की तळवा खडूसारखा पांढरा व्हायचा, आणि त्यावर आधीच्यांनी चोपडलेले दोन रंग. काट्यावर ९७ किलो भरली. या प्रकारच्या होड्यांच्या शर्यतीच्या नियमातल्या किमान वजनापेक्षा जास्त.

म्हणून रंगावर रंग चढवला नाही, सगळा खरवडला. दोन महिने रविवार त्यातच गेले. पॉलिश पेपर नुसता हातात धरून घासला तर बोटांचे खळगे उमटतात, आणि ते रंगाखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात. लांब लवचीक पट्टीवर पेपर ताणून तिरकं घासलं, तेव्हा कुठे बूड सलग झालं. माझ्या मते होडीचा वेग इथे ठरतो, रंगाच्या डब्यात नाही.

वर टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, मग पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने मागोमाग ब्रशचं टोक ओढायचं. पहिली बाजू जानेवारीत संध्याकाळी केली, हा शुद्ध आगाऊपणा. रात्री दव पडलं, सकाळी चकाकी गायब. पुन्हा घासली, आणि या खेपेला अकराला सुरू करून दोनच्या आत हात धुतले. रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या कापडी मास्कवर भागवू नका.

शेवटी बुडाला ८०० चा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर. मेण मुद्दाम लावलं नाही; पाण्याचे मणी दिसायला छान, म्हणून होडी पळते असं नाही.

आता वजन ९४. मार्चमध्ये खारा वारा सुटायच्या आधीच्या मंद वाऱ्यात आम्ही शेजारच्या होडीच्या मागे पडायचो, यंदा बरोबरीने निघालो. पण त्याच सुमारास सेंटरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून बुडाखाली सोडायची फळी) आणि सुकाणूच्या झिजलेल्या कडाही नीट केल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय रंगाला देणार नाही.

तक्रार एकच. होडी जिच्यावर ठेवतो त्या ट्रॉलीवरचा गालिच्याचा तुकडा पावसाळाभर ओला राहिला, तिथे वाटाण्याएवढे पाच फोड आलेत. हा रंग सतत ओलं राहण्यासाठी नसतोच. होडी पाण्यातच नांगरून ठेवणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, त्यांना शेवाळरोधक रंगच हवा. नारळी पौर्णिमा झाली की ते पाच फोड खरवडायचे आणि गालिचा काढून टाकायचा.