जेमस्टॅट: आकड्यासोबत त्याचा संदर्भही देणारा जलगुणवत्तेचा कोश

आमच्या महाविद्यालयातील पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी यंदा प्रकल्पासाठी मिठी नदी निवडली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी त्यांच्यापैकी काहींच्या रोजच्या वाटेवर आहे. तिच्या पाण्याची तुलना अन्य देशांतील नद्यांशी करावी असे ठरले आणि त्या निमित्ताने जेमस्टॅट हा माहितीकोश आम्ही दोन महिने बारकाईने वापरला.

गोड्या पाण्याच्या गुणवत्तेवर देखरेख ठेवणारा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा जो उपक्रम आहे, त्याचा हा कोश असून तो पूर्वी कॅनडातून चालत असे आणि आता जर्मनीतील कोब्लेन्झ येथे सांभाळला जातो. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९७८ मध्ये पाण्याची देखरेख सुरू केली ती याच जागतिक उपक्रमाच्या चौकटीत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हती आणि ती सांगताना मला अभिमान वाटला.

वापरण्याची रीत सोपी आहे. नकाशावरून स्थानक निवडावे, हवे ते घटक निवडावेत आणि मागणी नोंदवावी. पैसे पडत नाहीत. मला या सेवेचे खरे मोल जाणवले ते हाती आलेल्या तक्त्यात. तिथे मोजमापाच्या शेजारी नमुन्याची तारीख, वेळ, खोली, विश्लेषणाच्या पद्धतीचा संकेतांक आणि एकक यांचे स्वतंत्र रकाने असतात, आणि मोजमाप उपकरणाच्या किमान मर्यादेखाली असेल तर तसे चिन्हही असते.

हे रकाने का महत्त्वाचे, ते नायट्रेटच्या उदाहरणावरून लगेच पटते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. तेच प्रमाण केवळ त्यातील नायट्रोजनच्या रूपात मांडले तर सुमारे १० भरते. एक देश पहिल्या रीतीने लिहितो, दुसरा दुसऱ्या रीतीने, आणि नोंद नीट नसेल तर सारखेच पाणी चौपट दूषित ठरते. विरघळलेल्या ऑक्सिजनचेही तसेच. १० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.६. त्यामुळे युरोपातील ऱ्हाईन नदीचा हिवाळ्यातील आकडा आणि मुंबईचा मे महिन्यातील आकडा तापमानाशिवाय शेजारी ठेवणे हा आपल्या नदीवर अन्याय आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात विद्यार्थ्यांनी नेमके हेच केले होते. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी तापमानाच्या नोंदी जोडल्या आणि संपृक्ततेची टक्केवारी काढली, म्हणजे त्या तापमानाला मावू शकणाऱ्या ऑक्सिजनपैकी किती टक्के प्रत्यक्षात पाण्यात आहे ते.

कोशाची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. देश पाठवतील तेवढीच माहिती इथे असते आणि ती कोणाला कितपत खुली करायची हेही देशच ठरवतात, म्हणून काही खंडांत स्थानकांची दाटी दिसते तर काही ठिकाणी वर्षानुवर्षांच्या नोंदींत खंड पडलेला आढळतो. ताजी स्थिती पाहण्यासाठी हे साधन नाही. दीर्घकालीन कल पाहण्यासाठी आहे. नवख्या माणसाला संकेतांकांची सवय व्हायलाही आठवडा लागतो. आयर्लंडमधील कॉर्क विद्यापीठात याच उपक्रमाचे प्रशिक्षण केंद्र आहे, शिक्षकांनी त्याकडे जरूर पाहावे.

मिठीच्या बाजूने मात्र आमची अडचण वेगळी होती. एका कार्यालयाकडून मागितलेल्या नोंदी आम्हाला छायाप्रतींच्या स्वरूपात मिळाल्या आणि त्यांत नमुना घेतल्याची वेळच नव्हती. मिठीच्या मुखाकडच्या भागात भरतीचे पाणी आत शिरते, त्यामुळे एकाच पुलावरून एकाच दिवशी भरतीला आणि ओहोटीला घेतलेल्या नमुन्यांची क्षारता एकमेकींशी जुळणार नाही. वेळ नसलेली अशी नोंद जगाला द्यायची तरी कशी, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

पर्यावरण, रसायनशास्त्र किंवा भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाने जेमस्टॅट एकदा वर्गात उघडावे, असे मी आग्रहाने सुचवेन. आमच्या विद्यार्थ्यांनी आता त्याच धर्तीवर स्वतःची नोंदवही आखली आहे. तारीख, वेळ, खोली, तापमान, पद्धत, एकक हे रकाने कोशाप्रमाणेच ठेवले आहेत. भरती-ओहोटीचा रकाना मात्र त्यांनी स्वतः जोडला आहे.