आत्याच्या आतड्यातला म्हणून दाखवलेला मळ शिबिरवाल्यांच्याच डब्यातला होता

सातारा-कराड पट्ट्यात सध्या मंगल कार्यालयांतून ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’ची शिबिरं भरतायत. पेपरमध्ये घातलेलं पत्रक घरी येतं. बद्धकोष्ठता, गॅस, आम्लपित्त, मूळव्याध, ‘ऑपरेशनशिवाय, मुळापासून’ असं त्यावर छापलेलं असतं. अशाच एका शिबिरात माझ्या आत्याला साडेअठरा हजारांना लुबाडलं आणि त्या पावडरीपायी तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. घरात म्हातारी माणसं असतील तर कृपा करून पूर्ण वाचा.

आत्या निवृत्त शिक्षिका. वर्षभर तिला शौचाला साफ होत नव्हतं. चार-चार दिवस काही नाही, आणि झालं तरी खडा. थकवा, चेहऱ्यावर सूज, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. पण शौचाचा विषय आपल्याकडे कुणापुढे काढायचा? सुनेला सांगायला संकोच, डॉक्टर पुरुष म्हणून त्यांना सांगायला संकोच. एरंडेल, त्रिफळा, गरम पाणी करत ती दिवस काढत राहिली. या लोकांचा सगळा धंदा नेमका या संकोचावर उभा आहे.

शिबिरात तिच्या हातात तारेने लॅपटॉपला जोडलेली एक धातूची कांडी दिली. मिनिटभर धरायला लावली आणि रंगीत रिपोर्टचं जाडजूड पुडकं छापून काढलं. त्यात यकृत, मूत्रपिंड, हाडं, जीवनसत्त्वं, सगळं. कांडी धरून कॅल्शियम आणि कोलेस्टेरॉल कळत नसतं, त्याला रक्तच काढावं लागतं. मी तो रिपोर्ट नंतर वाचला. त्यात ‘पित्ताशयाचे कार्य मध्यम बिघडलेले’ असं लिहिलंय. आत्याचं पित्ताशय खड्यांमुळे कैक वर्षांपूर्वीच काढून टाकलंय.

मग पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी समोर बसवलं. “आई, तुमच्या आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटलाय. सात-आठ किलो असेल. या थरामुळे कुठलंच औषध तुम्हाला लागू पडत नाही.” पुढ्यात फोटोंचा अल्बम ठेवला. काळपट-हिरव्या, रबरासारख्या लांबच लांब वाद्या, लोकांच्या पोटातून निघालेल्या म्हणे. 21 दिवसांचा कोर्स दिला: पावडर, कॅप्सूल आणि एक अर्क. पावडर घट्ट कालवून घ्यायची, वरून पाणी फार नको, नाहीतर ती मळ धरत नाही. आणि ब्लडप्रेशरची गोळी कोर्स संपेपर्यंत बंद, कारण ‘केमिकल’.

पहिल्या काही दिवसांत खरोखरच तशी वादी पडली. आत्याने आनंदाने फोन केला. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीचेही असेच फोटो टाकत होते आणि खाली उत्तर येत होतं, “बघा, विष निघतंय.” डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर माणूस विश्वास ठेवणारच.

त्यानंतर शौचाला होणंच बंद झालं. पोट तंबोऱ्यासारखं फुगलं, उलट्या सुरू झाल्या. ग्रुपवर विचारलं तर सांगितलं, “शुद्धी होताना त्रास होतोच, अर्काचा डोस वाढवा.” मला सगळ्यात जास्त चीड या वाक्याची येते. बरं वाटलं तर औषधाचा गुण, त्रास झाला तर तोही औषधाचाच गुण! मग थांबायचं कधी, हे पेशंटला कळणार कसं? पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, म्हणजे आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी जुलाबाचं औषध घ्यायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो.

दवाखान्यात सर्जननी एक्स-रे काढला, बोटाने तपासलं. गुदाशयात घट्ट गोळा अडकून बसला होता. तो हाताने मोकळा करून मग एनिमा द्यावा लागला. त्या वयाच्या बाईला केवढ्या वेदना आणि केवढी लाज, ते मी दाराबाहेर उभं राहून ऐकलंय. गोळी बंद असल्याने ब्लडप्रेशर 190च्या वर गेलं होतं.

घरी येऊन मी डबा उघडला. घटक बारीक अक्षरांत होते: इसबगोलाची भुशी, बेंटोनाइट, सोनामुखी. बेंटोनाइट म्हणजे पाणी शोषून फुगणारी चिकणमाती. दोन चमचे पावडर थोड्या पाण्यात कालवून ग्लास रात्रभर ओट्यावर ठेवला. सकाळी उलटा केला तर ग्लासाचा आकार घेऊन अख्खा लगदा बाहेर आला, काट्याने ओढला की ताणला जाणारा. अल्बममधल्या वादीला हवा तो चिवटपणा आणि तोच काळपट-हिरवा रंग. पोटात गेलेली पावडर आतड्याच्या साच्यातून बाहेर पडत होती आणि तीच ‘जुना मळ’ म्हणून दाखवली जात होती.

सर्जनना विचारलं, तर ते म्हणाले, दुर्बिणीने मोठं आतडं बघताना असा थर कधीच दिसत नाही. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं, त्यावर वर्षानुवर्षं काही चिकटून राहूच शकत नाही. इसबगोल स्वतः वाईट नाही, पण ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचं, नाहीतर आतच बोळा बसतो.

आणि खरं दुखणं? थायरॉईड. काही शे रुपयांच्या टीएसएच तपासणीत कळलं. थायरॉईड मंदावलं की आतड्याची हालचालही मंदावते. थकवा, सूज, थंडी वाजणं हे सगळं त्याचंच होतं. एखाद्या चांगल्या वैद्यांकडे गेली असती तरी त्यांनी आधी हे विचारलं असतं. आता सकाळी अनशापोटी गोळी, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने चहा, आणि पोट बरंच सुधारलंय.

आठवड्यातून तीनदा ते दिवसातून तीनदा, या दरम्यान शौचाला होणं सर्वसाधारण धरतात. रोज होत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण शौचावाटे रक्त, काळी डांबरासारखी शौच, कारण नसताना वजन घटणं, ॲनिमिया, किंवा पन्नाशीच्या आसपास वा पुढे शौचाची सवय अचानक बदलणं, यांतलं काही असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडेच जा. मूळव्याध समजून चूर्ण खात बसलेल्या माणसाला आतड्याचा कॅन्सरही असू शकतो.

डब्यावर फक्त एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक होता. तो अन्नपदार्थाचा परवाना असतो, औषधाचा नव्हे, आणि खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या वस्तूने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. पांढऱ्या कोटवाल्यांकडे वैद्यकीय नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा फोन कट झाला. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिलीय, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चाललीय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही.

पैसे अजून मिळालेले नाहीत. शिबिर आता शेजारच्या तालुक्यात वेगळ्या नावाने भरतंय, अल्बम मात्र तोच आहे. तुमच्या घरी कुणी हा कोर्स घेतला असेल तर पावडर बंद करा, पण डबा, पावती, कांडीचा रिपोर्ट आणि ग्रुपवरचे मेसेज फेकू किंवा पुसू नका. तक्रारीला तेच लागतं. आणि ब्लडप्रेशर-शुगरची गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद केली असेल, तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा.