ऑटोडेस्क की दसॉल्ट सिस्टीम्स? महसूल कशामुळे हलतो ते आधी पाहा

डिझाइन सॉफ्टवेअरमधला एखादा परदेशी शेअर घ्यायचा ठरवलं की बहुतेकांची यादी शेवटी दोन नावांवर येते. ऑटोकॅड आणि रेव्हिटवाली अमेरिकेची ऑटोडेस्क, किंवा कॅटिया आणि सॉलिडवर्क्सवाली फ्रान्सची दसॉल्ट सिस्टीम्स. एक १९८२ साली सुरू झाली, दुसरी त्याआधी एक वर्ष, विमानं बनवणाऱ्या दसॉल्टच्याच इंजिनिअरांमधून. आकारही जवळपास सारखा. जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात ऑटोडेस्कचा महसूल साधारण ६१३ कोटी डॉलर होता, आणि २०२४ या वर्षात दसॉल्टचा ६२१ कोटी युरो. त्याआधीच्या वर्षी हेच आकडे ५५० आणि ५९५ कोटी होते.

म्हणजे एकीची वाढ ११ टक्क्यांच्या वर, दुसरीची साडेचारच्या आत. एवढ्यावरून ऑटोडेस्क निवडू नका. या दोन टक्केवाऱ्या एकाच मापाने मोजलेल्या नाहीत.

ऑटोडेस्ककडे विक्रीची पद्धत बदलली आहे. पूर्वी ग्राहक विक्रेत्याला पैसे द्यायचा, विक्रेता आपला हिस्सा ठेवून उरलेले पुढे पाठवायचा आणि ऑटोडेस्क तेवढाच महसूल धरायची. सप्टेंबर २०२३मध्ये ऑस्ट्रेलियात आणि सप्टेंबर २०२४मध्ये उत्तर अमेरिकेत नवी पद्धत लागू झाली. आता करार थेट ऑटोडेस्कशी होतो आणि विक्रेत्याला कमिशन मिळतं. समजा ग्राहकाने १०० रुपये दिले आणि विक्रेत्याचा वाटा १० रुपये आहे. आधी वहीत ९० लागायचे, आता १०० लागतात आणि १० रुपये खर्चाच्या बाजूला जातात. महसूल ११ टक्क्यांनी फुगला, नफा होता तिथेच राहिला, आणि नफ्याचं प्रमाण उलट घसरलेलं दिसतं. यात काही गैर नाही, कंपनी हा परिणाम वेगळा सांगतेही. पण नुसता मथळा वाचणाऱ्याची फसगत होते. म्हणून ऑटोडेस्कची वाढ बघताना हा भाग आणि चलनदराचा परिणाम वजा करूनच बघा.

याच कंपनीत महसूल आणि हातात येणारी रोकड विरुद्ध दिशांनी गेल्याचंही उदाहरण आहे. तीन वर्षांचे पैसे एकदम घेण्याऐवजी दरवर्षी बिल करायचं ठरलं. त्यानंतर, जानेवारी २०२४ला संपलेल्या वर्षात, महसूल ५०० वरून ५५० कोटींवर गेला, पण मुक्त रोकड (खर्च आणि गुंतवणूक भागवून हातात उरणारे पैसे) सुमारे २०३ कोटी डॉलरवरून १२८ कोटींवर आली. धंदा बिघडला नव्हता, बिलाची तारीख बदलली होती.

दसॉल्टचं दुखणं वेगळं आहे. ऑटोडेस्कचा जवळजवळ सगळा महसूल सबस्क्रिप्शनसारखा, पुन्हापुन्हा येणारा आहे. दसॉल्टच्या सॉफ्टवेअर महसुलात हा वाटा सुमारे चार पंचमांश. उरलेला भाग एकरकमी परवान्यांचा, आणि त्यातले मोठे करार वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत गोळा होतात. एखाद्या वाहन कंपनीने डिसेंबरची सही जानेवारीवर ढकलली की कंपनीचं वर्षाचं उद्दिष्ट हलतं. युरोपातल्या वाहन उद्योगाने हात आखडता घेतला तेव्हा, २०२४मध्ये, दसॉल्टला आपले अंदाज खाली आणावे लागले.

परवान्याकडून सबस्क्रिप्शनकडे जाताना महसुलात खड्डा पडतो, कारण एकदम मिळणारी रक्कम महिन्यामहिन्यांवर पसरते. ऑटोडेस्कने २०१६ साली कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं आणि वर्षाचा महसूल २५० कोटी डॉलरवरून २०३ कोटींवर आला. पुढचं वर्षही जवळपास तिथेच गेलं. तो खड्डा तिने एका दमात पार केला. दसॉल्ट तोच रस्ता सावकाश चालते आहे, त्यामुळे तिची वाढ काही काळ खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. माझ्या मते दसॉल्टच्या बाजूने मांडण्यासारखा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि त्याकडे फार कमी लोक पाहतात.

ग्राहक कोण, हेही पाहायला हवं. ऑटोडेस्कचा निम्म्याच्या जवळपास महसूल वास्तुरचना, इंजिनिअरिंग आणि बांधकामातून येतो. व्याजदर चढले की नव्या इमारती रखडतात, पण रस्ते, पूल, डेटा सेंटर यांची कामं चालू राहिली तर ड्रॉइंग करणारी माणसं कमी होत नाहीत. दसॉल्टकडे वाहन, विमान, यंत्रसामग्री आहे. एअरबससारखा ग्राहक एकदा आला की दहा-वीस वर्षं हलत नाही, कारण विमानाचा सगळा आराखडाच त्या सॉफ्टवेअरमध्ये राहतो. याशिवाय तिने २०१९मध्ये ५८० कोटी डॉलरला मेडिडेटा घेतली. ही औषधांच्या चाचण्यांची माहिती सांभाळणारी कंपनी. कोविडच्या काळानंतर नव्या चाचण्या कमी झाल्या आणि हा विभाग थंडावला. कॅटिया बघून शेअर घेणाऱ्याला औषध उद्योगाचा धोकाही पत्करावा लागतो, हे लक्षात असू द्या.

चलनाबद्दल थोडंच. ऑटोडेस्कचा निम्म्याहून अधिक महसूल अमेरिकेबाहेरचा, म्हणून डॉलर वधारला की तिचा आकडा दबतो. दसॉल्ट युरोत हिशेब मांडते, तिला डॉलर आणि येन घसरले की फटका बसतो. तुमचा परतावा रुपयात मोजला जाणार, तेव्हा हा परिणाम तुमच्यापर्यंत दोनदा पोचतो.

हिंजवडीत दसॉल्टचं मोठं संशोधन केंद्र आहे, चाकणच्या कितीतरी इंजिनिअरांचा दिवस कॅटियावर जातो. त्यामुळे पुण्यात या कंपनीबद्दल जिव्हाळा आहे आणि तो योग्यही आहे. पण तो शेअर घेण्याचं कारण होऊ शकत नाही. वाहन उद्योगाच्या चक्राची खरी समज असेल आणि चार-पाच वर्षं थांबायची तयारी असेल, तर दसॉल्टचा विचार करा. ती पॅरिसच्या बाजारात आहे, तेव्हा खरेदीची सोय आधी तपासा. दर तिमाहीला धडकी भरू नये असं वाटत असेल, तर मी ऑटोडेस्ककडे झुकेन, मात्र वाढीच्या आकड्यासाठी नाही. करार झालेला पण अजून महसुलात न धरलेला पैसा किती वाढतोय, ते तिच्या अहवालात पाहा. दसॉल्टच्या अहवालात स्थिर चलनदराने, म्हणजे चलनातले चढउतार वगळून, सबस्क्रिप्शनची वाढ पाहा. ती सलग काही तिमाही एकूण महसुलाच्या वाढीपेक्षा ठळकपणे जास्त राहिली, तर माझा कौल बदलेल.