डावखुऱ्याच्या खिशातला चाकू: क्लिप कोणत्या टोकाला?

फोल्डिंग चाकूबद्दल लिहिणारे बहुतेक जण पोलादापासून सुरुवात करतात. माझ्या स्पायडेर्को डेलिका ४ चं पोलाद व्हीजी-१०, पातं सुमारे ७३ मिमी, वजन ७० ग्रॅमच्या आसपास, बनावट जपानमधल्या सेकीची. झालं. उन्हाळ्यापासून ऑक्टोबर छाटणीपर्यंत वापरल्यावर मला बोलायचंय ते चाकू खिशाला अडकवायच्या क्लिपबद्दल.

मी ठिबकची जोडणी करतो आणि डावखुरा आहे. उजव्या हातात १६ मिमीची लॅटरल (ठिबकची नळी) धरलेली असते, चाकू डाव्या हातानंच काढायचा, उघडायचा, मिटायचा. आधीच्या चाकूला (नाव नको) क्लिप फक्त उजवीकडे बसायची. तो डाव्या खिशात अडकवला की पात्याची पाठ पुढे यायची, आणि उघडण्याआधी चाकू बोटांत फिरवून घ्यावा लागायचा. डेलिकाच्या मुठीला दोन्ही बाजूंना आणि दोन्ही टोकांना क्लिपची भोकं आहेत, म्हणजे चार जागा. तीन बारीक स्क्रू काढले की काम होतं.

पहिले काही आठवडे मी टिप-डाऊन लावला. यात क्लिप पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीकडे असते आणि मिटलेल्या पात्याचं टोक खिशाच्या तळाकडे. खिशात हात घालणाऱ्याला हे निर्धास्त वाटतं, कारण पातं चुकून किंचित उघडलंच तरी टोक बोटांपासून लांब राहतं. अडचण काढताना येते. चिमटीत धरून वर ओढला की हातात खिळीकडचं टोक येतं. मग चाकू अर्धा फिरवायचा, मूठ तळव्यात घ्यायची, तेव्हा कुठे अंगठा पात्यातल्या, ते उघडायच्या गोल भोकावर पोचतो. हात कोरडे असताना ही कसरत जमते. चिखलाच्या हातांनी मात्र चाकू सरीत पडतो आणि शेतकरी आपल्याकडे बघत राहतो.

टिप-अप केल्यावर, म्हणजे मिटलेल्या पात्याचं टोक वर ठेवल्यावर, हा खेळ संपला. क्लिप मागच्या टोकाला गेली, त्यामुळे चाकू वर ओढतानाच अंगठा भोकाशी येतो आणि फिरवायला लागत नाही. मला तरी दुसरी पद्धत आता नको.

पण टिप-अपची एक अट आहे. पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकलेली हवी. मग शिवणच पात्याला उघडू देत नाही. चाकू पुढे सरकला तर ते काम एकट्या लॉकच्या स्प्रिंगवर येतं, आणि टोक नेमकं हात घालायच्या दिशेला असतं. जाड जीन्समध्ये क्लिप जागची हलत नाही. टेरिकॉटच्या पँटच्या तिरक्या खिशात ती सरकते, म्हणून गाडीवरून उतरलो की बाहेरूनच चाचपून चाकू मागे लोटतो. याच शिवणीचा अमेरिकी चाकू-कारागीर अर्नेस्ट इमर्सन यांनी उलटा उपयोग केला. त्यांच्या चाकूच्या पात्याच्या पाठीवर आकडा असतो, तो शिवणीत अडकतो आणि चाकू बाहेर येता येताच उघडतो. हे फक्त टिप-अपमध्ये जमतं. लॅटरल कापायला इतक्या घाईची गरज नाही, पण युक्ती भारी आहे.

कापताना टिप-डाऊनची क्लिप तर्जनीजवळ टोचते, टिप-अपची तळव्याच्या मागच्या भागात. जाड पीव्हीसी तासताना दुसरी जास्त जाणवते, पण सुतळी आणि खोकी कापताना दोन्हींत फरक नाही. मोटरसायकलवर बसल्यावर दोन्ही मांडीला लागतात, त्यावर खिसा बदलण्याशिवाय इलाज नाही.

स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, पण थेंबभरच. घट्ट बसवायच्या नादात बारीक टॉर्क्स (चांदणीच्या खाचेच्या) स्क्रूंची डोकी घासली जातात.

डावखुऱ्यांनी ऑनलाइन मागवताना फोटोत मुठीची डावी बाजू झूम करून बघावी. तिथे भोकं नसतील तर पोलाद कितीही चांगलं असो, मी तो घेणार नाही. आणि 'दोन्ही हातांसाठी' असं लिहिलेलं दिसलं तर क्लिप दोन्ही बाजूंना लागते की नुसतं पातं दोन्ही अंगठ्यांनी उघडतं, हे विक्रेत्याला आधी विचारा.