शाळेतली मुलं की वॉर्डातली? परदेशी स्वयंसेवेला निघण्याआधी

परदेशात जाऊन मुलांसोबत काम करायचं ठरलं, की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आवडीचा: शाळेत जायचं, की रुग्णालयाच्या वॉर्डात आजारी मुलांसोबत बसायचं? मी आधी दोन गोष्टी विचारेन: हाताशी महिने किती आहेत, आणि तिथली भाषा किती येते?

शाळेत पहिले पंधरा दिवस तुम्ही नुसती नवलाई असता. खरं काम ती ओसरल्यावर सुरू होतं. दोन-दोन आठवड्यांचे पाहुणे एकामागून एक येत राहिले, तर वर्गाला तीच ओळख, तीच गाणी दर वेळी नव्याने ऐकावी लागतात आणि शिक्षकांचा धडा तेवढा मागे पडतो. युरोपीय संघाची सॉलिडॅरिटी कोअर ही योजना 18 ते 30 वर्षांच्या तरुणांना वैयक्तिक स्वयंसेवेसाठी एरवी 2 ते 12 महिने देते, ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर तीन महिन्यांहून कमी वेळ असेल तर वर्गाच्या वाटेला जाऊ नये. शिवाय तीस मुलांचा गलबला खाणाखुणांनी आवरत नाही. भाषा हवीच.

वॉर्डात एक दुपार हीच पूर्ण भेट असते. आज पत्ते खेळलेलं मूल उद्या घरी गेलेलं असेल, आणि ती आनंदाचीच बातमी. म्हणून खेळ असा निवडायचा, जो त्याच बैठकीत संपेल. भाषा थोडी चालते, पण ‘नको’, ‘दुखतंय’, ‘उलटी येतेय’ हे शब्द त्या मुलाच्या भाषेत कळलेच पाहिजेत. त्यातही ‘नको’ सगळ्यात महत्त्वाचा. सुईला नाही म्हणता येत नाही, औषधाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला मात्र ते मूल नाही म्हणू शकतं. दारातूनच परत पाठवलं तर हसून परत फिरणं, हे या कामाचं अर्धं कौशल्य. (ज्यांना याचं वाईट वाटतं, त्यांनी शाळाच निवडावी.)

आजारी मुलाजवळ आईवडिलांना राहता यावं, त्याला खेळायला आणि शिकायला मिळावं, हे 1988 साली नेदरलँड्समधल्या लायडेन इथे तयार झालेल्या रुग्णालयातील मुलांच्या सनदेत आहे. प्रत्यक्षात तुमची मदत बऱ्याचदा मुलापेक्षा आईलाच होते: अर्धा तास तुम्ही बसता, ती अंघोळ करून येते.

मात्र वॉर्डात शिरणं सोपं नाही. लशींचे दाखले, क्षयरोगाची तपासणी, पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र, प्रशिक्षण, यांत आठवडे जातात. त्याला कारण आहे. कांजिण्यांचा संसर्ग झाल्यावर पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू लागतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या ते जिवावर बेतू शकतं. भेट छोटी असली, तरी मुक्काम लांबच धरावा लागतो.

शाळा असो वा वॉर्ड, कसलीच चौकशी न करता मुलांजवळ सोडणारी संस्था दिसली की तिथे जाऊ नका. मुलांसोबतचे फोटो काढून जाहिरात करणारीही त्याच यादीत.

वॉर्डाकडे कल असेल तर लहानपणीचं लसीकरण कार्ड आजच शोधा. ते सापडलं नाही, तर गोवर आणि कांजिण्या दोन्हींच्या लशींचे सहसा दोन-दोन डोस घ्यावे लागतात, आणि दोन डोसांमध्ये किमान 28 दिवसांचं अंतर लागतं. तिकीट त्यानंतरचं काढा.