हेलिकॉप्टरच्या मॉडेलला कुठला रंग: पाण्याचा की थिनरचा?

किट ठरलंय, एअरब्रश आणि कंप्रेसर घरात आहे, आता रंगांचा पहिला संच मागवायचाय, अशांसाठी हे लिहितोय. विमानाच्या मॉडेलवर जो रंग छान बसतो, तो हेलिकॉप्टरवर तसाच बसेल असं धरून चालू नका. लढाऊ विमानाला एक कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण असतं, ते झाकलं की काम संपतं. मि-17 हेलिकॉप्टरला नाकाभोवती काचांची रांग, दोन्ही कुशींना गोल खिडक्या आणि वर पाच लांब पाती. चेतक घेतलंत तर पुढचा जवळजवळ सगळा भाग काचेचाच. हेलिकॉप्टरच्या रंगकामात खरा वेळ मास्किंग, म्हणजे रंग नको तो भाग टेपने झाकणं, खातं, त्यामुळे रंग निवडताना टेपचा विचार आधी करावा.

पाण्याचा रंग म्हणजे ड्रॉपरच्या बाटलीत येणारा, पाण्याने धुता येणारा अ‍ॅक्रिलिक. थिनरचा म्हणजे मिस्टर कलर या ब्रँडसारखा लॅकर, जो पाण्याने नाही, थिनरनेच पातळ होतो. तामिया कंपनीचा छोट्या काचेच्या बाटलीतला अ‍ॅक्रिलिकसुद्धा लॅकर थिनरमध्ये पातळ केला की फार छान वागतो, म्हणून त्यालाही मी याच गटात धरतो.

पाण्याच्या रंगाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. वास जवळजवळ नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर खिडकीपाशी बसून काम करता येतं, घरात कुणी तक्रार करत नाही. कॉकपिटच्या आतलं ब्रशकाम, म्हणजे सीटचे पट्टे, उपकरणांचं पॅनल, कलेक्टिव्हचा (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा) दांडा, याला पाण्याच्या रंगाइतकं आज्ञाधारक दुसरं काही नाही. दुसरा हात पहिल्याला विरघळवत नाही. चुकलं तर ओल्या ब्रशने लगेच पुसता येतं.

एअरब्रशमध्ये घातला की मात्र त्याचे लाड सुरू होतात. रंग आणि त्याचाच थिनर निम्मेनिम्मे, वर फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग सहज वाहावा म्हणून घालायच्या द्रवाचे) दोन-तीन थेंब, नोझल 0.4 मिलिमीटरचं, हवेचा दाब 18 ते 20 पीएसआय. तरीही एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी, त्यातही बेळगाव जिल्ह्यात अथणी-चिक्कोडीच्या बाजूला, सुईच्या टोकावर रंग वाळून बसतो आणि मध्येच पिचकारी उडते. रिटार्डरचा (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा) थेंब घालून आणि थिनरमध्ये बुडवलेल्या इअरबडने दर दोन मिनिटांनी टोक पुसून हे निभावता येतं. सवयीचा भाग आहे. यासाठी कुणी रंग बदलू नये.

माझा कौल फिरला तो टेपमुळे. पाण्याचा रंग वाळताना प्लॅस्टिकवर एक पातळ, लवचिक पापुद्रा तयार होतो. तो पृष्ठभागाला नुसता धरून असतो, प्लॅस्टिकमध्ये मुरत नाही. आणि काचेचा भाग म्हणजे किटमधलं सगळ्यात गुळगुळीत प्लॅस्टिक. 1/72 च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या, मि-17 ला नाकावरच्या काचा धरणाऱ्या फ्रेमची पट्टी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे धरायला जागाच नाही. वर हा पापुद्रा टेपच्या कडेवरून पलीकडे सलग पसरलेला असतो. टेप ओढली की तो फाटत नाही, ताणला जातो, आणि फ्रेमवरची अख्खी पट्टी सालीसारखी टेपला चिकटून वर येते. जिथे सुटत नाही तिथे कड दातेरी होते.

यावर उपाय आहे. टेप काढण्याआधी हॉबी चाकूच्या 11 नंबरच्या नव्या पात्याने प्रत्येक काचेच्या चारही कडांवरून हलकी रेघ मारायची, मग टेप स्वतःवरच दुमडून, अगदी सपाट कोनात, सावकाश ओढायची. एका कॅनॉपीला हे ठीक आहे. मि-17 च्या नाकाला काचेगणिक चार कडा, आणि एकदा पातं घसरलं की काचेवर कायमचा ओरखडा. दुसरा उपाय म्हणजे फ्रेमवर आधी लॅकर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारायचा. त्याने पकड खरंच सुधारते. पण मग थिनर घरात आलाच, वास आलाच, तोंडाला मास्कही आला. ज्या एका सोयीसाठी पाण्याचा रंग घेतला, तीच उरत नाही.

थिनरचा रंग प्लॅस्टिकला किंचित चावतो. एक भाग रंगाला दीड भाग लेव्हलिंग थिनर (सावकाश उडणारा, रंग सपाट बसवणारा), दाब 12 ते 15 पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. फ्रेमवर ओला हात कधीच देऊ नये, नाहीतर टेपखाली शिरतो आणि काचही धुरकटते. अगदी पातळ, जवळजवळ कोरडे तीन-चार हात द्यायचे. पहिला हात कॉकपिटच्या आतल्या रंगाचा, म्हणजे बाहेरून पाहताना फ्रेमची आतली बाजू बरोबर दिसते आणि टेपची कडही बंद होते. त्यावर बाहेरचा रंग. तासाभराने टेप काढली की कड ब्लेडने कापल्यासारखी येते, वेगळी रेघ मारावी लागत नाही.

पात्यांवरही हाच फरक जाणवतो. मि-17 च्या मुख्य रोटरचा व्यास 21.29 मीटर, म्हणजे 1/72 मध्ये जवळपास 296 मिलिमीटर आणि 1/48 मध्ये 444. इतक्या लांब, सपाट पात्यावर बोटाचा ठसा लगेच दिसतो. मुळाकडून मगरचिमट्यात धरून एक बाजू मारायची, दहा मिनिटांनी उलटून दुसरी, हे लॅकरला जमतं. पाण्याच्या रंगात एक बाजू रात्रभर ठेवलेली बरी, आणि त्यावर टेप लावायची तर मी दोन दिवस थांबायला सांगेन. टेल रोटरवर (शेपटीच्या पंख्यावर) लाल-पांढरे पट्टे असतील तर आधी पांढरा, मग टेप, मग लाल. चीता हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या नळ्यांच्या जाळीवर तर पातळ हात लागतो. जाड रंग बसला की नळ्यांचे सांधे भरून जातात आणि नाजूकपणा संपतो.

आता लॅकरची दुखरी बाजू. आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगावात हवा ओलीच असते आणि खानापूर-जांबोटीकडे तर भिंतीही ओल धरतात. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. काळ्या पात्यांवर ती सगळ्यात आधी दिसते. म्हणून हायग्रोमीटरवर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असेल तर बाहेरचा रंग मारू नये, त्या दिवशी सांधे घासावेत. झाक आलीच तर उघडीप मिळाल्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा एक हलका फवारा द्यावा, बहुतेकदा उतरते. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी दर वेळी सोडावं. पाणी अडवणारा फिल्टर नळीच्या एअरब्रशकडच्या टोकाला लावावा, कारण नळीतून येताना हवा गार होते आणि पाणी तिथेच सुटतं. त्याला लागणारी 1/8 इंची जोड बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात न्यूमॅटिकचं (दाबाच्या हवेवर चालणारं) सामान विकणाऱ्यांकडे बघा.

वासाबद्दल आडपडदा ठेवत नाही. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्कच हवा. खिडकीत बाहेर ओढणारा पंखा हवा आणि जवळपास गॅस किंवा देवाजवळचं निरांजन नको. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर स्वस्त मिळतो, पण तो एअरब्रश धुण्यापुरताच. रंगात मिसळलात तर किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, खाऊन पॅनलच्या रेषा बुजवतो. शिवाय हे रंग ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाहीत, पार्सल रस्त्याने येतं. हाताशी असावं म्हणून थोडं आधीच मागवावं लागतं.

एकाच खोलीचं घर, लहान मूल, खिडकी बंद, अशी परिस्थिती असेल तर पाण्याचाच रंग घ्या आणि कडा कापायचा धीर ठेवा. उत्तम मॉडेलं त्यातही होतात. पण खिडकी उघडी ठेवता येत असेल, तर माझं मत थिनरकडे झुकतं, आणि हेलिकॉप्टरसाठी जरा जास्तच. पहिल्या संचात मी एवढंच मागवेन: लॅकर प्रायमर, मुख्य रंगाच्या दोन बाटल्या, काळा, पांढरा, लेव्हलिंग थिनरची मोठी बाटली आणि सहा मिलिमीटरची मास्किंग टेप. 1/72 च्या एका मि-17 ला मुख्य रंग साधारण चार-पाच मिली लागतो, म्हणजे दहा मिलीची बाटली पुरून उरते. थिनर मात्र अंदाजापेक्षा नेहमी जास्त जातो, कारण धुण्यातच निम्मा संपतो. कॉकपिटच्या ब्रशकामासाठी पाण्याच्या रंगाच्या चार-पाच बाटल्या वेगळ्या ठेवा. लॅकर पक्का वाळला की त्यावर पाण्याचा रंग निर्धास्त चालतो. उलटं, म्हणजे पाण्याच्या रंगावर ओला लॅकर, करू नका. खालचा थर सुरकुततो.