काउंटर-स्ट्राइक २ : सोलापुरातून नऊ महिने खेळल्यानंतर

एप्रिल २०२५ मध्ये मी काउंटर-स्ट्राइक हा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ पुन्हा खेळायला घेतला, तेव्हा दोन शंका होत्या. सोलापुरातल्या घरगुती फायबर जोडणीवर आणि मध्यम किमतीच्या संगणकावर हा खेळ नीट चालेल का, ही पहिली. ज्या खेळाच्या स्पर्धा संपत आल्याचे गेली कित्येक वर्षे ऐकू येते आहे, त्यात चौतिसाव्या वर्षी रोजचा दीड तास घालण्यात काही अर्थ आहे का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर पंधरा दिवसांत मिळाले. दुसरीला नऊ महिने लागले, म्हणून हा अनुभव मुख्यतः तिच्याविषयी आहे.

मी हा खेळ २००७ च्या सुमारास नवी पेठेजवळच्या एका सायबर कॅफेत शिकलो. बारा संगणक एकमेकांना तारेने जोडलेले असत आणि ‘बॉम्ब बी ला आहे’ ही एकच सूचना मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतून एकाच वेळी ओरडली जात असे. १९९९ मध्ये मिन ले आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळावर बसवलेला हा हौशी प्रयोग व्हॉल्व्ह कंपनीने पुढच्याच वर्षी आपल्या नावाने बाजारात आणला. आम्ही खेळत होतो ती १.६ ही आवृत्ती. त्यानंतर २०१२ मध्ये ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ आले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्याच जागी ‘काउंटर-स्ट्राइक २’ आले. पाच विरुद्ध पाच, एका बाजूने बॉम्ब पेरायचा आणि दुसऱ्या बाजूने तो निकामी करायचा, हा गाभा सव्वीस वर्षांत बदललेला नाही. कॅफे मात्र केव्हाच बंद झाला.

तांत्रिक बाजू आधी थोडक्यात सांगतो. माझ्या संगणकात आय-५ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० हे जुने ग्राफिक कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे, पडदा १४४ हर्ट्झचा आहे. सर्व दृश्य-मांडण्या खालच्या पातळीवर ठेवल्या, तर खेळ समाधानकारक चालतो; फक्त दोन-तीन स्मोक (धुराचे बॉम्ब) एकाच वेळी फुटले की चित्र जड होते. मुंबईच्या सर्व्हरवर पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण २५ मिलिसेकंदांच्या आसपास राहतो, आणि त्याबाबत मला काहीही तक्रार करायची नाही. डिस्कवर ८५ जीबी जागा लागते, ती आधी मोजून ठेवावी. खरी अडचण विजेची आहे. सामना अर्धवट सुटला की व्हॉल्व्ह आधी अर्ध्या तासाची, मग दोन तासांची, मग चोवीस तासांची आणि शेवटी सात दिवसांची बंदी घालते. मे महिन्यात पारा ४३ वर गेलेला असताना आमच्या भागातली वीज दुपारपासून तीन-तीनदा गेली आणि एका आठवड्यात मी चोवीस तासांच्या पायरीवर पोहोचलो. आमचा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे यांच्यासाठीच आहे. संगणकाला यूपीएस आणि राउटरला वेगळी छोटी बॅटरी जोडल्यावरच ही कटकट संपली. सोलापुरात हा खेळ घेणाऱ्याने माउसच्या आधी हा खर्च करावा, असे माझे मत आहे.

खेळ म्हणून तो अजूनही विलक्षण आहे. पूर्वी जिंकायला सोळा फेऱ्या लागत, आता तेरा पुरतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्या माणसाला जेवणानंतर एक सामना पूर्ण करून वेळेत झोपता येते. पैशांचा हिशेब मला सर्वांत आवडतो: एखादी फेरी हरल्यावर पुढच्या फेरीत बंदुका घ्यायच्या की पैसे राखून ठेवायचे, यावर पाच अनोळखी माणसांचे अर्ध्या मिनिटात एकमत व्हावे लागते, आणि त्यातले एक जण हमखास ऐकत नाही. कारखान्याच्या हिशेबाच्या खात्यात दिवस काढणाऱ्या मला या बेशिस्तीचा राग जरा जास्तच येतो. खेळातल्या प्रीमियर या स्पर्धात्मक प्रकारात माझे मानांकन नऊ महिन्यांत सहा हजारांवरून साडेतेरा हजारांपर्यंत गेले. बारा हजारांच्या वर फसवणूक करणारे खेळाडू वाढतात, हे स्पष्ट जाणवते. फेसइट या सामने जुळवून देणाऱ्या वेगळ्या सेवेवर ते प्रमाण कमी आहे, पण तिथे रात्री अकरानंतर माझ्या पातळीचा सामना मिळायला इतका वेळ लागतो की त्या वेळात डोळा लागतो.

आता दुसऱ्या शंकेकडे येतो. केवळ वरच्या पातळीचे आकडे पाहिले, तर ‘स्पर्धा मरत आहेत’ हे विधान टिकतच नाही. मी सुरुवात केली त्याच एप्रिलमध्ये स्टीम या व्हॉल्व्हच्या खेळविक्रीच्या मंचावर एकाच वेळी अठरा लाखांहून अधिक लोक हा खेळ खेळत होते आणि तो या खेळाचा तोवरचा उच्चांक होता. ग्लोबल ऑफेन्सिव्हची पहिली मेजर (म्हणजे व्हॉल्व्हच्या पाठिंब्याची सर्वोच्च दर्जाची) स्पर्धा २०१३ मध्ये स्वीडनमधल्या यॉन्शॉपिंग येथे झाली तेव्हा बक्षिसाची रक्कम अडीच लाख डॉलर होती. आज ती साडेबारा लाख आहे, आणि २०२१ च्या स्टॉकहोम मेजरला ती वीस लाखांवर गेली होती. बक्षिसापेक्षाही मोठा झरा खेळातल्या बंदुकांवर लावायच्या, विकत मिळणाऱ्या स्टिकरांचा आहे. पॅरिसच्या २०२३ च्या मेजरच्या स्टिकरविक्रीतून खेळाडू आणि संघ यांच्या वाट्याला ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली, असे व्हॉल्व्हनेच जाहीर केले होते. ओव्हरवॉच या दुसऱ्या नेमबाजीच्या खेळाची लीग २०१८ मध्ये शहरांच्या नावाने विकलेल्या महागड्या संघांवर उभी राहिली आणि २०२३ मध्ये गुंडाळली गेली. काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धा मात्र वेगवेगळे आयोजक आपापल्या जबाबदारीवर भरवतात, त्यामुळे एखादा आयोजक बुडाला तरी सगळा बाजार उठत नाही.

निराशावाद्यांचे सगळेच म्हणणे मी फेटाळणार नाही. स्पर्धा भरवणारी ईएसएल आणि फेसइट या दोन्ही कंपन्या २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सॅव्ही गेम्स समूहाने दीड अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतल्या, तेव्हापासून या खेळाच्या कॅलेंडरचा मोठा भाग एकाच तिजोरीवर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने पाच लाल दर्जाच्या स्किन (खेळातल्या हत्यारांची शोभेची आवरणे, ज्यांची खरेदी-विक्री होते) देऊन चाकू किंवा हातमोजे या अधिक दुर्मिळ वस्तू मिळवण्याची सोय केली आणि त्या बाजारातले सुमारे दोन अब्ज डॉलरचे मूल्य एक-दोन दिवसांत उडून गेले. ज्या संघांचे आणि संकेतस्थळांचे प्रायोजक याच बाजारावर जगतात, त्यांना त्याची झळ बसणारच. (माझा स्वतःचा स्किनसाठा एका जुन्या एके-४७ पुरता असल्याने मी ते दोन दिवस निश्चिंत झोपलो.) तरीही ही चिंता पैशांच्या व्यवस्थापनाची आहे. डिसेंबरमध्ये बुडापेस्टला व्हिटॅलिटी संघाने फेझ संघाला हरवून एकाच वर्षातली दुसरी मेजर जिंकली तो अंतिम सामना ज्याने पाहिला असेल, त्याला हा खेळ अंथरुणाला खिळलेला आहे असे वाटणे शक्य नाही.

माझे मत बदलले ते खालच्या बाजूने पाहू लागल्यावर. आमच्या पूर्वभागातला एक १७ वर्षांचा मुलगा मला जुलैमध्ये एका गेमिंग झोनमध्ये भेटला. वडील टेरी टॉवेलच्या मागावर कामाला, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि हातात असा नेम की मी त्याच्या विरुद्ध बाजूला बसायचे टाळू लागलो. घरी संगणक नाही, म्हणून तो तासाला चाळीस रुपये देऊन खेळतो आणि उरलेला वेळ मोबाईलवर व्यावसायिक सामन्यांची चित्रणे पाहतो. सायबेरियातल्या तोम्स्कचा डोंक वयाच्या सतराव्या वर्षी शांघायची मेजर जिंकून तिथे सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे मला त्यानेच सांगितले. त्याच्यासाठी म्हणून मी ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीतल्या एका स्थानिक स्पर्धेत पाचवा खेळाडू म्हणून नाव दिले.

त्या स्पर्धेचे वर्णन सविस्तर करणे भाग आहे. आठ संघ येणार असे जाहीर झाले होते, पाचांनी नाव दिले आणि प्रत्यक्षात तीन आले. दहापैकी सहा संगणकांवरचा खेळ अद्ययावत नव्हता आणि तो उतरवून घेण्यात दुपारचे दोन तास गेले. मग आयोजकांना प्रवेशशुल्काची भीती वाटू लागली, कारण ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला होता आणि ‘ऑनलाइन गेमवर बंदी’ एवढेच त्यांच्या कानावर होते. हा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो, ई-स्पोर्ट्सला मात्र तो वेगळे स्थान देतो, आणि मान्यताप्राप्त व नोंदणीकृत ई-स्पोर्ट्ससाठी निव्वळ स्पर्धेत उतरण्याचे शुल्क व कामगिरीवरचे बक्षीस यांची त्यात तरतूद आहे, हे मी समजावून पाहिले. ‘मग आपली नोंदणी कुठे आहे, साहेब?’ या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी शुल्क परत देण्यात आले, सामने मैत्रीचे ठरले आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये मोबाईलवरची बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) या खेळाची स्पर्धा सुरू झाली, तिला चौदा संघ हजर होते. आयोजकांना दोष देण्यात अर्थ नाही. चौदा संघ आपले फोन घेऊन येतात. काउंटर-स्ट्राइकच्या तीन संघांसाठी दहा संगणक, दहा पडदे आणि दिवसभराची वीज लागते.

समजा ती स्पर्धा व्यवस्थित पार पडली असती आणि आम्ही जिंकलो असतो, तरी त्या विजयाचा पुढे उपयोग काय झाला असता? व्हॉल्व्हने २०२५ पासून मोठ्या स्पर्धांची निमंत्रणे आपल्या प्रादेशिक मानांकनावर बांधली. बक्षिसाची रक्कम, हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आणि लॅनवरचे (म्हणजे एकाच ठिकाणी प्रत्यक्ष जमून खेळलेल्या सामन्यांतले) विजय यांवरून गुण ठरतात, आणि बुडापेस्टच्या मेजरला बत्तीस संघ थेट या मानांकनावरूनच घेतले गेले. ठरावीक संघांच्या भागीदारीची मक्तेदारी यामुळे मोडली, आणि व्यवस्था म्हणून ती पूर्वीपेक्षा न्याय्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु जिथे गुण मिळवून देणारी लॅन स्पर्धाच पोहोचत नाही, तिथल्या मुलाला मानांकनाच्या जिन्याची पहिली पायरीच सापडत नाही. खुली पात्रता फेरी ही निदान लॉटरीच्या तिकिटासारखी होती: मिळण्याची शक्यता नगण्य, पण तिकीट कुणालाही काढता येत असे.

भारतात हा जिना पूर्वी थोडाफार होता. मुंबईची टीम ब्रुटॅलिटी होती, २०१८ मध्ये ऑप्टिक या परदेशी ई-स्पोर्ट्स संस्थेने भारतीय संघ उभा केला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शांघायच्या लॅन स्पर्धेत त्या संघाचा एक खेळाडू फसवणुकीचे सॉफ्टवेअर वापरताना पकडला गेला, संघ बाद झाला आणि संस्थेने तो बरखास्तच केला. डिसेंबरमध्ये गोरेगावला ड्रीमहॅक हे गेमिंग संमेलन भरले खरे, पण डाग राहिला. मग २०२० च्या जूनमध्ये व्हॅलोरंट हा याच धाटणीचा दुसऱ्या कंपनीचा खेळ आला, तोही फुकट, साध्या संगणकावर चालणारा आणि खालपासून वरपर्यंत स्वतः कंपनीने आखलेल्या स्पर्धांसह. आमच्या इथल्या चांगल्या खेळाडूंनी तिकडची वाट धरली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

‘छोट्या गावातून काही होत नाही’ हा निष्कर्ष मात्र मला पटत नाही आणि त्याला कारण मंगोलिया आहे. त्या देशाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याचीच २०११ च्या जनगणनेत ४३ लाख होती. तिथला ‘द मंगोल्झ’ हा संघ २०२५ च्या जूनमध्ये ऑस्टिनच्या मेजरच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ऑगस्टमध्ये रियाधची ई-स्पोर्ट्स विश्वचषक स्पर्धा जिंकून आला. ऑस्टिनचा तो अंतिम सामना मी रात्री उशिरापर्यंत जागून पाहिला. हरल्यानंतरही त्यांच्या कर्णधाराच्या चेहऱ्यावर हरल्यासारखे काही दिसले नाही. त्यांच्याकडे जे होते आणि आपल्याकडे नाही, ते माझ्या समजुतीने इतकेच : मुलांना वर्षानुवर्षे एकत्र बसून खेळता येईल अशा स्वस्त जागा, आणि आसपास हरवण्याजोगे वीस-पंचवीस संघ. नवी पेठेत १.६ च्या काळात यातला निम्मा भाग आपल्याकडेही होता.

खेळ घ्यावा का, असे विचारणाऱ्याला मी हो म्हणतो. तो फुकट उतरवता येतो, प्राइम या सशुल्क दर्जाचे पैसे एकदाच भरावे लागतात, आणि ते न भरता खेळण्याचा प्रयत्न करू नये, कारण तिथली गर्दी सहन होण्याजोगी नाही. व्यावसायिक सामने पाहण्यासाठी तर आजचा काळ उत्तम आहे. घरातल्या हुशार मुलाला यातून ‘करिअर’ करायचे असेल, तर व्हॅलोरंटमध्ये निदान पुढचा टप्पा कोणता हे तरी दिसते, असे मी त्याच्या वडिलांना सांगेन. त्या टॉवेलवाल्या गृहस्थांना मी तेच सांगितले, आणि सांगताना मला फार बरे वाटले नाही.

परवा गड्ड्याच्या यात्रेतून परतताना मी त्या गेमिंग झोनमध्ये डोकावलो. जागा पुरत नाही म्हणून दहापैकी चार संगणकांवरून काउंटर-स्ट्राइक काढून टाकले होते. कोपऱ्यातल्या संगणकावर तो मुलगा व्हॅलोरंटचा सामना मिळण्याची वाट पाहत बसला होता, आणि हातातल्या मोबाईलवर बुडापेस्टच्या अंतिम सामन्याचे चित्रण चालू होते. मला पाहून त्याने ते थांबवले आणि विचारले, ‘काका, हा स्मोक त्याने कुठून टाकला, परत दाखवू का?’ मी खुर्ची ओढून बसलो.